झिवोकोस्तची पाच मुळं

सगळ्यांत आधी एक गोष्ट सांगून टाकतो. मी जे केलं ते चांगल्या हेतूनं केलं. हे वाक्य मी आमच्या 'रेझेदा' बागसंघाच्या सर्वसाधारण सभेत उभं राहून म्हटलं होतं, तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी "हेतू राहू दे, फावडं आण!" असं ओरडलं. सभा हसली. मी खाली बसलो. अडतीस वर्षं सरकारी मोजणी खात्यात काढलेल्या माणसाला असं खाली बसायची सवय नसते.

तर गुडघ्यापासून सुरुवात करतो. गुडघा माझा नव्हे, तेओफिलचा.

पोलंडमधल्या तार्नूव्ह शहराच्या टोकाला, रुळांच्या पलीकडे आमचा बागसंघ, म्हणजे शहरातल्या लोकांनी भाजी-फळं लावायला घेतलेल्या छोट्या प्लॉटांचा. माझा, म्हणजे क्सावेक ओलेखचा, प्लॉट सत्तावीस, तेओफिल गाव्रोनचा अठ्ठावीस. मध्ये कमरेएवढी तारेची जाळी, आणि त्या जाळीत आम्ही दोघांनी बसवलेलं एक छोटं फाटक, जे नियमात बसत नाही. तेओफिल माझ्याहून चौदा वर्षांनी मोठा, जन्मभर मालगाडीचं इंजिन चालवलेला. वीस वर्षांपूर्वी चेरीच्या दारूचे पेले हातात घेऊन, कोपरात कोपर अडकवून आम्ही ते एका घोटात संपवले, गालाला गाल लावला, आणि त्या दिवसापासून अहो-जाहो बंद झालं. आमच्याकडे हे असं रीतसर होतं. नाहीतर माणसं चाळीस-चाळीस वर्षं शेजारी राहून एकमेकांना 'साहेब'च म्हणतात.

तेओफिलकडे शतावरीचा वाफा होता, जिचे कोंब भाजी म्हणून खातात त्या शतावरीचा. तो त्यानं आणि त्याच्या बायकोनं, ओतिलियानं, मिळून लावला होता. शतावरीचं प्रकरण असं की लावल्यावर तीन वर्षं तिला हात लावायचा नाही. कोंब वर येतात, गुबगुबीत, खाण्याजोगे, आणि आपण नुसतं बघायचं. चौथ्या वर्षापासून काढायचे, पण तेही सेंट जॉनच्या दिवसापर्यंतच. चोवीस जूनला सुरी ठेवून द्यायची. एवढं सांभाळलं तर वाफा पंचवीस वर्षं देतो. ओतिलियाला त्यातली सहाच मिळाली. ती गेल्यावर तेओफिलनं प्लॉटवरचं बाकी सगळं रान होऊ दिलं, पण तो वाफा मात्र असा ठेवला होता की मी, मोजणीवाला माणूस, त्याच्या कडा बघून मनात म्हणायचो, वा!

शतावरी काढायची म्हणजे गुडघ्यावर बसायचं, मातीत हात घालायचा आणि लांब सुरीनं कोंब मुळाशी कापायचा. तीन वर्षांपूर्वीच्या वसंतात तेओफिलला गुडघ्यावर बसता येईना. बादली पालथी घालून त्यावर बसून तो वाकायचा, आणि इंजिन ड्रायव्हर लोकांची जी भाषा असते ती ऐकून माझी लुदमिला रेडिओ मोठा करायची. डॉक्टरांनी त्याचं नाव सॅनेटोरियमच्या, म्हणजे सांध्यांवर उपचार करणाऱ्या सरकारी आरोग्यधामाच्या यादीत घातलं. त्या यादीत नंबर लागायला दीड-दोन वर्षं लागतात. तोवर माणूस बरा तरी होतो किंवा त्याला सॅनेटोरियमची गरज तरी उरत नाही.

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. आणि मला वाईट वाटलं की मी काहीतरी करतो. हा माझा दोष लुदमिला लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून सांगत आलीय.

आमच्याकडे सांधेदुखीवर झिवोकोस्त नावाच्या केसाळ पानांच्या रानटी झुडपाच्या मुळाचं मलम लावतात. मूळ किसायचं, डुकराच्या चरबीत मंद आचेवर शिजवायचं, गाळून बरणीत भरायचं. प्रत्येकाच्या आजीकडे होतं. शनिवारच्या बाजारात एका खेडूत बाईकडे ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली मुळं दिसली. बोटभर लांब, वरून काळी, आतून पांढरी आणि बुळबुळीत. मी पाच घेतली.

"नीट लागतील ना?" मी विचारलं.

"एकदा लावा साहेब," बाई म्हणाली, "मग जन्मभर बघायला नको."

ती खोटं बोलली असं मला आजही म्हणता येत नाही.

घरी लुदमिला म्हणाली, "झिवोकोस्त? अहो, तो ओढ्याकाठी हातगाडीभर उगवलाय. जा आणि उपटून आणा."

"ओढ्याकाठचा कोणीही उपटेल," मी म्हणालो. "मला पद्धतशीर लागवड करायचीय."

लागवडीच्या दिवशी सल्ले द्यायला दोन माणसं हजर झाली. एक गेनोवेफाबाई, प्लॉट तीन, रसायनशास्त्राच्या निवृत्त शिक्षिका. बाई कधी कोणाचं काही घेत नाहीत, ना रोप, ना बियाणं, ना साधी बादली. देतात फक्त सल्ला. दुसरे आमचे अध्यक्ष इझिदोर क्वोस, ज्यांच्या छातीला कागदांची पाटी जन्मतःच चिकटली असावी.

"आडवे ठेवा," गेनोवेफाबाई म्हणाल्या. "पाच सेंटिमीटर खोल."

"उभे," अध्यक्ष म्हणाले. "मूळ जमिनीत उभंच असतं."

"अध्यक्ष, वरचं टोक कुठलं ते तुम्हाला कळतंय का?"

अध्यक्षांनी एक तुकडा उचलला, चष्मा वर केला, दोन्ही बाजूंनी निरखला आणि म्हणाले, "ते ज्यानं लावायचं त्यानं बघावं."

मी आडवे लावले. खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली, टेप लावून बरोब्बर ऐंशी सेंटिमीटरवर एकेक. तेओफिल बादलीवर बसून जाळीपलीकडून बघत होता.

"क्सावेक," तो म्हणाला, "मूळ लावतोयस की रेल्वे टाकतोयस?"

"तुझ्याच गुडघ्यासाठी आहे हे."

"माझ्या गुडघ्याला सांग मग, घाई करू नको म्हणून."

झिवोकोस्तला घाई नव्हती. दोन आठवडे गेले, तीन गेले, पाच गेले. जमीन कोरी. गेनोवेफाबाई रोज फिरायला जाताना थांबून विचारत, "काय ओलेख साहेब, आलं का?" आणि मी "येतंय" म्हणायचो, जसं काही ते गाडीत बसलंय. शेवटी मला राहवेना. मी हळूच खोदून बघितलं. मूळ जिवंत होतं, त्याला पांढरे डोळे फुटले होते. मात्र बघता बघता ते मधून तुटलं. दुसरंही असंच बघितलं, त्याचे तीन झाले. उरलेल्या तिन्हींचे दोन-दोन. मोजणीवाला माणूस जमिनीतलं काही फेकून देत नाही. मी सगळे तुकडे परत लावले. पाचाचे अकरा झाले, आणि आठवड्याभरात अकराच्या अकरा वर आले. इथेच मला कळायला हवं होतं. कळलं नाही.

जूनमध्ये प्लॉटांची तपासणी होते. अध्यक्ष पाटी घेऊन आले आणि त्यांनी लिहिलं, 'प्लॉट २७, तण, अकरा नग.'

"तण?" मी म्हणालो. "अध्यक्ष, हे औषध आहे."

"वहीत दोनच रकाने आहेत. पीक आणि तण. औषधाचा रकाना नाही."

मी अर्ज केला. लॅटिन नावासकट, वाळवलेलं पान डकवून, मुळाचं प्रमाणबद्ध चित्र काढून. संघाच्या कार्यकारी मंडळाच्या दोन बैठका त्यावर झाल्या. तिसऱ्या बैठकीत झिवोकोस्तला 'औषधी लागवड' म्हणून मान्यता मिळाली, शिक्क्यानिशी, 'पाच नगांपुरती', कारण अर्जात मी खरेदी पाचाचीच दाखवली होती. मग उरलेल्या सहांचं काय? एका मुळाचे दोन झाले तर ती एक वनस्पती की दोन? यावर अध्यक्ष आणि मी ऊन डोक्यावर येईपर्यंत वाद घातला. मी जिंकलो. अकराच्या अकरा कायदेशीर झाले. तो कागद मी खोपटात काच लावून टांगला. अजून तिथेच आहे, काढवत नाही.

दुसऱ्या वर्षी झिवोकोस्त माझ्या छातीला लागला. पानं एवढी की खाली लुदमिलाच्या घेवड्याला ऊन मिळेना. कापला की तीन आठवड्यांत परत तेवढाच. कापलेली पानं टाकायची कुठे? कोणीतरी सांगितलं, पिंपात पाणी घालून कुजवा, टोमॅटोला अमृत. कुजवली. टोमॅटोला अमृत असेल, माणसाला नव्हतं. वास असा की रुळांवरून जाणाऱ्या गाडीतली माणसं खिडक्या लावून घ्यायची, हे तेओफिलचं म्हणणं. तो म्हणजे जरा वाढवूनच सांगतो.

सप्टेंबरात लुदमिलाचा नामदिन, म्हणजे तिच्या नावाच्या संतिणीचा दिवस. आमच्याकडे वाढदिवसापेक्षा नामदिनाचं महत्त्व मोठं, आणि त्याला आमंत्रण नसतं. ज्याला आठवेल तो येतो. प्लॉटवर टेबल मांडलं. सगळ्यांना आठवलं. पिंपाचं झाकण मी दोन विटांनी दाबून ठेवलं होतं, तरी पाहुणे एकमेकांकडे संशयानं बघत होते. आदल्याच दिवशी मी पहिलं मूळ खणून मलम केलं होतं, लुदमिलाच्या चांगल्या पातेल्यात, ज्याबद्दल वेगळं बोलायला नको. पांढरंशुभ्र मलम, बरणीत भरून खोपटातल्या फळीवर ठेवलेलं. त्याच फळीवर पाव होता, खारवलेल्या काकड्या होत्या. आता, पावावर डुकराची चरबी फासून वर काकडी ठेवून खाणं हे आमच्यातल्या कुठल्याही सभ्य माणसाला जमतं. अध्यक्ष खोपटात गेले आणि सभ्य माणसासारखे वागले.

बाहेर आले तेव्हा दुसरा तुकडा संपत आला होता. "लुदमिलाबाई," ते म्हणाले, "चरबी छान आहे. मीठ मात्र विसरलात."

बरणी बघून मी ओरडलो, लुदमिलानं कपाळावर हात मारला, आणि गेनोवेफाबाईंनी शांतपणे सांगितलं की हे यकृताला अजिबात चांगलं नसतं. अध्यक्ष पांढरे पडले. त्यांना बाकावर आडवं केलं. दोन तुकड्यांनी माणसाला काही झालं नाही. पण पुढच्या महिन्यात माझं खोपटं नियमापेक्षा अकरा सेंटिमीटर उंच आहे असं पत्र आलं.

तेओफिल त्या दिवशी इतका हसला की त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. उरलेली बरणी मी त्याला दिली. तो रोज सकाळ-संध्याकाळ लावायचा.

"फरक?" मी जाळीवरून विचारायचो.

"वास जातच नाही," तो म्हणायचा. "बहुतेक त्यालाच घाबरून दुखणं जाईल."

ऑक्टोबरच्या सुरुवातीला दोन गोष्टी एकाच आठवड्यात झाल्या. तेओफिलला सॅनेटोरियमचं पत्र आलं, तीन आठवडे, डोंगरात. आणि लुदमिला म्हणाली, "एकतर तो झिवोकोस्त राहील, नाहीतर मी."

तेओफिल निघताना फाटकाशी आला. अंगात इस्त्रीचा कोट, हातात पेटी. "सफरचंदाला पाणी घाल," तो म्हणाला. "शतावरीला काही करायचं नाही. पाला आपोआप पिवळा पडेल, पडू दे. तिच्या मातीत कोणी पाय घातलेला मला चालत नाही. तू सुद्धा नाही."

"मी कशाला घालू?" मी म्हणालो.

आता झिवोकोस्त काढायचा. खणून बघितलं तर मुळं हातभर खोल, मनगटाएवढी जाड, आणि ओढली की तुटायची. दोन दिवसांत माझी कंबर धरली. मग माझ्या डोक्यात आलं की बागसंघाचा टिलर आहे. सगळ्यांच्या वर्गणीतून घेतलेला, नाव लिहून कोणीही न्यावा. लांब दाते, जोरदार इंजिन. अर्ध्या तासात जमीन पिठासारखी. मी टिलर आणला आणि झिवोकोस्तवरून गेलो. उभा गेलो, आडवा गेलो, मग तिरका गेलो. माती अशी भुसभुशीत झाली की मी मूठभर उचलून लुदमिलाला दाखवली.

"संपला," मी म्हणालो.

तिनं मातीतला एक काळा तुकडा दोन बोटांत उचलला. शेंगदाण्याएवढा होता. "हा काय?"

"आता त्याचा भुगा झालाय. भुगा काय करणार?"

यावर काही लिहायला नको. पाच मुळांचे अकरा करणारा माणूस मी, आणि मीच हे विचारलं.

पण खरी चूक ती नव्हे. तेवढ्यावर थांबलो असतो तर माझा प्लॉट गेला असता, लुदमिला आठ दिवस बोलली नसती, आणि संपलं असतं. टिलर गरम होता, टाकीत तेल होतं, दिवस छान होता. जाळीपलीकडे तेओफिलचा वाफा दिसत होता. शतावरीच्या ओळींमधल्या पट्ट्यांत गवत माजलं होतं. त्याला वाकता येत नव्हतं ना, दोन वर्षं. मला वाटलं, बिचारा परत येईल आणि बघेल, सगळं स्वच्छ. किती बरं वाटेल त्याला! ओळींना धक्का लावायचा नाही, फक्त मधल्या चार पट्ट्या. फाटक उघडलं. दोरी ताणली. दात्यांना माझ्या मातीचे गोळे चिकटलेले होते, ते मी पाहिले सुद्धा. पाहिले आणि गेलो.

दुसऱ्या दिवशी टिलर पुढच्याकडे गेला, तिथून त्याच्या पुढच्याकडे. ऑक्टोबरात सगळेच जमीन उलटतात. तो धुऊन द्यावा असा नियम होता. पण नियमांच्या बाबतीत माझं आणि मंडळाचं तेव्हा बरं नव्हतं.

तेओफिल परतला. त्यानं पट्ट्या नीट बघितल्या. मग म्हणाला, "सांगितलं होतं ना तुला." पण रागावला नाही. "चांगल्यासाठीच केलंस," म्हणाला, आणि सॅनेटोरियममधून माझ्यासाठी आणलेला धुरावलेल्या चीजचा गोळा काढून दिला. तो गोळा मी खाल्ला. चवीनं खाल्ला.

एप्रिलच्या शेवटी एका सकाळी त्यानं मला हाक मारली. मी फाटकाशी गेलो. शतावरीचे पहिले कोंब माती उचलून वर येत होते, आणि त्यांच्यामध्ये, सगळीकडे, केसाळ हिरवी पानं. शेकडो. काही तर थेट शतावरीच्या गड्ड्यांतून वर आलेली.

"हे काय आहे, क्सावेक?"

मला सगळं ठाऊक होतं. मोजणी खात्यातल्या अडतीस वर्षांत मी एक खोटा आकडा लिहिला नाही, लाच घेतली नाही, कोणाच्या बापाला भ्यालो नाही. आणि मी म्हणालो, "पक्ष्यांनी बी आणलं असेल."

तेओफिलनं वाफ्याकडे बघितलं. झिवोकोस्त चार सरळ रेषांत उगवला होता. तिथून सांडून ओळींत शिरला होता, पण त्या चार रेषा स्पष्ट दिसत होत्या. दोरी लावल्यासारख्या. दोरी लावलीच होती.

"पक्षी तुझ्या खात्यातले होते वाटतं," तो म्हणाला.

मी तेव्हा तरी कबूल करायचं होतं. तोंड उघडलं होतं. पण निघालं काय, तर "थांब, मी काढून देतो." दाताळं आणलं, घुसवलं, दाबलं, आणि मातीत काहीतरी कट्ट झालं. वर आलं ते झिवोकोस्तचं मूळ नव्हतं. शतावरीचा अर्धा गड्डा होता, जाड दोऱ्यांसारखी मुळं लोंबत असलेला. तेओफिलनं तो माझ्या हातातून घेतला.

"राहू द्या, ओलेख साहेब," तो म्हणाला. "आता तुम्ही घरी जा."

तुम्ही. मी त्या बाईकडून मुळं घेतल्याबद्दल, खणून बघितल्याबद्दल, टिलरबद्दल स्वतःला बऱ्याच शिव्या दिल्यात. पण त्या एका शब्दानं जे झालं ते कशानंच झालं नाही. सगळा उन्हाळा असाच गेला. "नमस्कार, ओलेख साहेब." "आज ऊन आहे, ओलेख साहेब." अगदी सभ्य. भांडला असता तर मी भांडलो असतो. त्या भाषेतल्या दोन शिव्या दिल्या असत्या तर मी मिठी मारली असती.

मे महिन्यात बाकी प्लॉटांवरही झिवोकोस्त वर आला, टिलर ज्या क्रमानं फिरला होता त्याच क्रमानं. अध्यक्षांनी टिलरची वही उघडून सभेत नावं वाचली, पहिलं नाव माझं. मी उभा राहून हेतूबद्दल बोललो ते तेव्हाच. मग अध्यक्षांनी माझ्या शिक्क्याच्या कागदाची मंडळाकडची प्रत काढली आणि विचारलं, "औषधी लागवड आहे, मंडळाची मान्यता आहे, तर ओलेख साहेब, आम्ही हिला तण म्हणून उपटायची कशी?" पुन्हा अर्ज करावा लागला, मान्यता रद्द व्हावी म्हणून. तो मी हातानं लिहिला. चित्र काढलं नाही.

तेओफिलही सभेला आला होता. सगळे आपापल्या गाजरांचं रडगाणं गात होते, आणि ज्याचं गेलं तो कोपऱ्यात टोपी मांडीवर घेऊन बसला होता. गाजर दरवर्षी पेरता येतं.

चोवीस जूनला तो शेवटची शतावरी आमच्या दारात ठेवून गेला, दरवर्षीप्रमाणे, दोऱ्यानं बांधून. दरवर्षी दोन हातांत मावायची नाही. यंदा सात कोंब, करंगळीएवढे. लुदमिलानं लोण्यात पावाचा चुरा परतून त्यावर घातला. आम्ही दोघं ताटासमोर बसलो.

"खा," ती म्हणाली.

"तू खा."

"मी नाही खात. मला रडू येतंय." लुदमिला नामदिनाला येणाऱ्या पाहुण्यांवरून रडते, पण शतावरीवरून रडताना मी तिला तेव्हाच पाहिलं. शेवटी थंडच खाल्ली.

ऑक्टोबरात पाला पिवळा पडल्यावर तेओफिलनं वाफा मोडायला काढला. मी सकाळी जाळीशी उभा होतो. विचारायची हिंमत होत नव्हती. त्यानं वर न बघता सांगितलं, "टब भरून आणा." मी पाण्याचा टब आणला, आणि दिवसभर आम्ही खणलं. एकेक गड्डा बादलीच्या तोंडाएवढा. मी उचलायचो, तो टबात बुडवून धुवायचा, मुळं बोटांनी विंचरायचा आणि झिवोकोस्तचा काळा तुकडा दिसला की गड्डा बाजूला ठेवायचा. जमिनीवर गुडघे टेकून बसला होता, दोन्ही. सकाळपासून एकदाही बादलीवर बसला नाही. पूर्वी मी जाळीवरून 'फरक?' म्हणून विचारायचो. आता कुठल्या तोंडानं विचारणार होतो?

चोवीस गड्ड्यांतले वीस बाजूला गेले. चार स्वच्छ निघाले. ते त्यानं ओल्या गोणपाटात गुंडाळले.

"माझ्याकडे लाव," मी म्हणालो, आणि म्हणताक्षणी जीभ चावली. माझ्याकडे. बागसंघात स्वच्छ माती उरली होती कुठे? ज्यानं टिलर कधी नेला नाही, कोणाची बादलीही घेतली नाही, अशा एकाच माणसाकडे.

गोणपाट मीच उचललं. तीन नंबरपर्यंत आम्ही चालत गेलो, तो पुढे, मी मागे. गेनोवेफाबाईंनी फाटक उघडलं. वाफा आधीच तयार होता, खोल चर, मधे मातीचा उंचवटा. त्यांनी माझ्या हातातून गोणपाट घेतलं आणि माझ्या बुटांकडे बघितलं.

"ओलेख साहेब," त्या म्हणाल्या, "तुम्ही बाहेरच थांबलेलं बरं."

तेओफिलचे बूट टबाच्या पाण्यानं धुतलेले होते. मी माझे धुतले नव्हते. मी बाहेर थांबलो. बाईंनी फाटकाची कडी लावली.

तो गुडघ्यांवर बसला आणि पहिला गड्डा त्यानं उंचवट्यावर ठेवला, मुळं चारी बाजूंनी पसरून, घाई न करता. एकेक मूळ हातानं सरळ करत होता. मला वाटलं काहीतरी बोलावं. वर्षभर जे बोलायचं होतं ते आता बोलावं, जाळीतून का होईना.

"तेओफिल," मी म्हणालो, "टिलरच्या दात्यांना माझी माती चिकटलेली होती, मी ती पाहिली होती. पक्षी-बिक्षी काही नव्हतं."

त्याचे हात थांबले नाहीत. "माहीत आहे," तो म्हणाला.

चौथा गड्डा लागला. बाईंनी माती ओढली, पाणी घातलं. मग दोघं वाफ्याच्या कडेला उभे राहिले.

"तीन वर्षं हात लावायचा नाही ना?" बाईंनी विचारलं.

"तीन," तेओफिल म्हणाला.

येत्या मार्चमध्ये तो ब्याऐंशीचा होणार. बाईंना ते माहीत होतं, मला माहीत होतं, आणि त्याला तर होतंच. तो खाली वाकला, एका गड्ड्यावरची माती पुन्हा दाबून बघितली, आणि बाईंनी त्याला चहाला आत बोलावलं. मी जाळी धरून बराच वेळ उभा होतो.